डब्यावर गिगाबिट, हातात अकरा

आजचा विषय तसा घरगुती आहे. घरात एक छोटा डबा असतो. त्यात एक किंवा दोन हार्ड डिस्क, मागे एक केबल, आणि ती केबल राउटरला लावलेली. घरातल्या सगळ्यांचे फोटो, व्हिडिओ, कागदपत्रं त्यात ठेवायची आणि ती कुठल्याही लॅपटॉपवरून, फोनवरून दिसली पाहिजेत, एवढी साधी अपेक्षा. याला नेटवर्क स्टोरेज म्हणतात, इंग्रजी आद्याक्षरांवरून 'नॅस'. आज आपण स्वस्तातल्या नॅसबद्दल बोलणार आहोत, आणि त्यातही एकाच तक्रारीबद्दल: फाईल कॉपी व्हायला इतका वेळ का लागतो?

तक्रार किरकोळ वाटते, पण हिशेब करून बघा. एक टेराबाइट म्हणजे दहा लाख मेगाबाइट. सेकंदाला ११० मेगाबाइटने कॉपी झाली तर अडीच तास लागतात. ११ ने झाली तर पंचवीस तास. ४ ने झाली तर जवळजवळ तीन दिवस. अडीच तासांचं काम माणूस करून टाकतो. तीन दिवस लॅपटॉप चालू ठेवून, तो झोपू नये याची काळजी घेत, मध्येच वीज जाणार नाही अशी आशा धरून कोण बसणार? मग कॉपी अर्ध्यावर रद्द होते, 'उरलेलं रविवारी करू' म्हणून राहून जातं, आणि सहा महिन्यांनी लॅपटॉपची डिस्क गेली की कळतं, मुलीच्या पहिल्या वाढदिवसाचे फोटो त्या उरलेल्यात होते. म्हणून आम्ही वेगाच्या तक्रारीकडे चैनीची तक्रार म्हणून बघत नाही. संथ डब्यात बॅकअप पुरा होत नाही, हा त्यातला मुद्दा आहे.

आधी आकड्यांची भाषा समजून घेऊ, कारण निम्मा गोंधळ तिथेच होतो. नेटवर्कवाले बिटमध्ये बोलतात, फाईल मोजणारे बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. त्यामुळे 'गिगाबिट' म्हणजे सेकंदाला १००० मेगाबिट, म्हणजेच १२५ मेगाबाइट. तेही पूर्ण मिळत नाहीत. डेटा तारेवरून पाकिटांमध्ये जातो आणि प्रत्येक पाकिटाला पत्ता, क्रमांक, तपासणीचा आकडा, दोन पाकिटांमधली मोकळी जागा असा खर्च असतो. नेहमीच्या आकाराच्या पाकिटात तारेवरच्या १५३८ बाइटांपैकी १४६० बाइट तुमच्या कामाचे. त्यामुळे कमाल मर्यादा साधारण ११८ मेगाबाइट. तुम्हाला कॉपी करताना ११० च्या आसपास दिसत असेल तर तुमचा डबा उत्तम चालला आहे, त्याला काही करू नका.

आणि जर ११ ते १२ च्या मध्ये, अगदी न हलणारा आकडा दिसत असेल तर डब्याला दोष देऊ नका. हा आकडा १०० मेगाबिटच्या तारेची सही आहे. म्हणजे कुठेतरी एक कडी गिगाबिट नाही. कोणती? बहुतेक वेळा राउटर. स्वस्त राउटरची मागची पोर्टं आजही १०० मेगाबिटची असू शकतात, खोक्यावर वायफायचे मोठमोठे आकडे असले तरी. दुसरी शक्यता केबल. नेटवर्कच्या केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १०० च्या वेगाला त्यातल्या दोन पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. आपल्याकडे इंटरनेट जोडायला येणारी माणसं पुष्कळदा कनेक्टर जाग्यावर चिमटून देतात, आणि काही जण चारच तारा लावून मोकळे होतात, कारण तेवढ्यावर इंटरनेट चालतं. एखादी तार दाराच्या फटीत सापडून तुटली तरी तेच. दोन्ही टोकांची यंत्रं आपसात बोलून ठरवतात की आता १०० वरच चालू, आणि तुम्हाला कुणी सांगत नाही. लॅपटॉपच्या नेटवर्कच्या माहितीत 'लिंक स्पीड' लिहिलेला असतो, तो बघा. तिथे १००० ऐवजी १०० दिसलं तर दुकानातून तयार केबल आणून लावा. आमच्या पाहण्यात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणकारी इलाज हाच आहे.

आता यापुढचं जरा अवघड आहे. तार ठीक, राउटर ठीक, लिंक १००० ची, आणि तरी वेग ३० किंवा ४०. डब्यावर तर गिगाबिट लिहिलंय! हो, पण ते फक्त पोर्टाबद्दल लिहिलंय. ती दाराची रुंदी आहे. आत माल उचलणारा हमाल किती तगडा आहे, हे त्यावरून कळत नाही.

याचं एक सरळ उदाहरण रास्पबेरी पायचं आहे. बरेच हौशी लोक या छोट्या संगणकाला डिस्क लावून घरचा नॅस बनवतात. २०१८ मध्ये त्याचं ३बी प्लस हे मॉडेल आलं, आणि त्यात गिगाबिट इथरनेट होतं. पण ते आतून यूएसबी २.० वरून जोडलेलं होतं, त्यामुळे जास्तीत जास्त ३०० मेगाबिट मिळतील, हे बनवणाऱ्यांनी स्वतःच जाहीर केलेलं होतं. ३०० मेगाबिट म्हणजे साडेसदतीस मेगाबाइट. त्यात तुमची डिस्कही त्याच यूएसबीच्या रस्त्यावर. म्हणजे एकच बोळ, आणि त्यातून नेटवर्कचा माल आत येणार आणि तोच पुन्हा डिस्ककडे जाणार. वर्षभराने, २०१९ मध्ये, पाय ४ आलं. त्यात इथरनेटला स्वतंत्र रस्ता मिळाला, डिस्कला यूएसबी ३.० मिळालं, आणि तक्रार बरीचशी मिटली. दोन्हींच्या माहितीपत्रकात शब्द तोच: गिगाबिट.

त्याच्याही आधीची गोष्ट सांगतो. २००४ मध्ये लिंक्सिसने एनएसएलयू२ नावाचा तळहाताएवढा डबा काढला. त्याला यूएसबी डिस्क लावायची, की झाला नॅस. त्यातली चिप २६६ मेगाहर्ट्झची होती, पण सुरुवातीचे डबे तिच्या निम्म्या वेगाने, १३३ वर चालवलेले निघाले. हौशी मंडळींनी डबा उघडून शोधून काढलं की बोर्डावरचा एक बारीकसा रेझिस्टर काढला की चिप पूर्ण वेगाने धावते. पोर्ट १०० मेगाबिटचं होतं, तारेने ११-१२ मेगाबाइट दिले असते. हातात येत होते एक अंकी. म्हणजे तिथे तार रिकामी पडून होती आणि प्रोसेसर धापा टाकत होता.

प्रोसेसरला एवढं काम काय असतं, असं तुम्ही विचाराल. गिगाबिट पूर्ण भरून वाहतं तेव्हा सेकंदाला साधारण ८१,००० पाकिटं येतात. समजा प्रोसेसर २०० मेगाहर्ट्झचा आहे, म्हणजे सेकंदाला वीस कोटी ठोके. भागाकार करा: एका पाकिटामागे अडीच हजारांहून कमी ठोके. तेवढ्यात ते पाकीट उतरवून घ्यायचं, तपासायचं, क्रमाने लावायचं, फाईल वाटणाऱ्या प्रोग्रामच्या हाती द्यायचं, त्याने ते फाईल सिस्टीमला द्यायचं, तिने डिस्कवर जागा शोधायची. दर टप्प्याला मेमरीत इकडून तिकडे नक्कल. अडीच हजार ठोके ऐकायला भरपूर वाटतात, पण ते पुरत नाहीत. आजचे स्वस्त डबे याबाबतीत पुष्कळ सुधारले आहेत, आणि एकच मोठी फाईल असेल तर चांगले चांगले शंभरी गाठतात. पण त्यांच्यावर आणखी ओझं टाकलं की जुनी कथा परत सुरू होते. फोल्डर एन्क्रिप्ट करायचा पर्याय चालू केला आणि चिपमध्ये त्यासाठीची खास सोय नसली, तर प्रत्येक बाइट कुलूपबंद करण्याचं गणित त्याच बिचाऱ्या प्रोसेसरवर येतं.

इथे एक फसवी जागा आहे. लोक डब्याचं पान उघडतात, प्रोसेसर २५ टक्केच वापरलेला दिसतो, आणि म्हणतात, 'बघा, तो तर आरामात बसलाय.' चार गाभ्यांच्या प्रोसेसरमध्ये २५ टक्के म्हणजे एक गाभा पूर्ण भरलेला आणि तीन रिकामे, असंही असू शकतं. विंडोजशी बोलायला या डब्यांमध्ये बहुधा सांबा नावाचा मोफत प्रोग्राम असतो. ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ च्या सुमारास त्याची सुरुवात केली. सांबा जोडलेल्या प्रत्येक लॅपटॉपमागे एक प्रोसेस चालवतो. तुम्ही एकटेच कॉपी करत असाल तर बराचसा भार एकाच गाभ्यावर पडतो. तेव्हा एकूण टक्के बघू नका, गाभ्यागणिक बघा.

वायफायचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात गूढ काही नाही. हवा सगळ्यांची एकच असते आणि एका वेळी एकच बोलू शकतो. लॅपटॉप वायफायवर असेल तर वेग भिंती ठरवतात. नॅसही वायफायवर असेल तर प्रत्येक पाकीट दोनदा हवेतून जातं, एकदा राउटरकडे आणि एकदा राउटरकडून, म्हणजे वेग निम्मा. नॅस नेहमी तारेवर ठेवा. पहिली मोठी कॉपी करताना लॅपटॉपही तारेवर आणा, मग रोजच्या थोड्या बॅकअपला वायफाय चालेल.

आता छोट्या फाईलींकडे येऊ. व्हिडिओ कॉपी करताना शंभरी दाखवणारा डबा एखादं जुनं ऑफिसचं फोल्डर टाकलं की दोन-तीन मेगाबाइटवर का येतो? डबा बिघडलाय का? नाही. एक फाईल ठेवायची म्हणजे लॅपटॉप आणि नॅस यांच्यात संवाद होतो. 'या नावाची फाईल आहे का?' 'नाही.' 'मग बनव.' 'बनवली.' 'हा घे मजकूर.' 'मिळाला.' 'ही तारीख लाव.' 'लावली.' 'बंद कर.' 'केली.' फाईल दोन जीबीची असो की दोन केबीची, हे बोलणं तेवढंच. समजा एका फाईलमागे यात ३० मिलिसेकंद गेले. चार-चार केबीच्या एक लाख फाईली आहेत, सगळं मिळून ४०० मेगाबाइट. नुसता मजकूर चार सेकंदांत गेला असता. संवादाला लागतात ३,००० सेकंद, म्हणजे पन्नास मिनिटं. तिकडे डिस्कचीही तीच गत. ५४०० फेऱ्यांची डिस्क एक फेरी ११ मिलिसेकंदांत पुरी करते, म्हणजे हवी ती जागा सुईखाली यायला सरासरी साडेपाच मिलिसेकंद, वर सुईला योग्य वर्तुळावर सरकायला लागणारा वेळ वेगळा. आणि फाईलचं नाव एका जागी, मजकूर दुसऱ्या जागी, नोंदवही तिसऱ्या.

यावर इलाज आहेत आणि ते फुकट आहेत. जुनं, पुन्हा न बदलणारं फोल्डर असेल तर झिप करून एकच फाईल बनवा. दाबून लहान करायचीही गरज नाही, नुसती मोट बांधा. विंडोजवर रोबोकॉपी नावाची आज्ञा आहे. तिला एमटी हा पर्याय दिला की ती एका वेळी अनेक फाईली नेते. एक फाईल उत्तराची वाट बघत असताना दुसरीचं बोलणं चालू राहतं. याने छोट्या फाईलींचा वेळ चांगलाच कमी होतो. मोठ्या एका फाईलला मात्र काही फायदा नाही, ती अपेक्षा ठेवू नका.

लिनक्सवाले मंडळी इथे म्हणतात, आम्ही आरसिंक वापरतो. छान. पण आरसिंक कशासाठी जन्माला आलं ते लक्षात घ्या. तेही ट्रिजेल यांचंच, पॉल मॅकेरस यांच्यासोबत, १९९६ चं. तेव्हा तार संथ आणि महाग होती, म्हणून दोन्हीकडच्या फाईलींचं गणित करून फक्त बदललेले तुकडे पाठवायचे, ही त्यातली युक्ती. गणित स्वस्त, तार महाग. तुमच्या घरात उलटं आहे! तार गिगाबिटची आणि गणित करणारा गरीब. त्यात ते एसएसएचवरून चालवलं की एन्क्रिप्शनचं ओझं वेगळं. घरातल्या घरात बदललेली फाईल पूर्ण पाठवा, त्यासाठी त्यात 'होल फाईल' असा पर्याय आहेच.

मध्येच एक प्रश्न आला आहे: 'सुरुवातीला वेग छान असतो, दहा-पंधरा मिनिटांनी कोसळतो, असं का?' थोड्या सेकंदांतच कोसळत असेल तर सुरुवातीचा वेग मेमरीचा होता. डबा माल आधी मेमरीत घेतो आणि मागून डिस्कवर लिहितो. मेमरी भरली की डिस्कचा खरा वेग दिसतो. पण तुम्ही म्हणता तसं बऱ्याच वेळाने आणि फार खाली कोसळत असेल, तर डिस्कची जात बघा.

काही डिस्क एसएमआर पद्धतीच्या असतात. यातला 'एस' म्हणजे शिंगल, आपल्या भाषेत कौल. साध्या डिस्कमध्ये, तिला सीएमआर म्हणतात, वर्तुळं शेजारी शेजारी असतात. एसएमआरमध्ये ती कौलांसारखी एकावर एक चढवलेली असतात, म्हणून तेवढ्याच जागेत जास्त मावतं. वाचायला अडचण नाही, कारण वाचायला प्रत्येक कौलाची उघडी कड पुरते. पण मधलं एक कौल बदलायचं झालं तर? ज्यांनी कोकणात पावसाळ्याआधी घर शाकारलं आहे त्यांना सांगायला नको, त्यावर चढलेली आधी उचलावी लागतात आणि नंतर परत लावावी लागतात. डिस्कही तेच करते, पूर्ण पट्टा नव्याने लिहिते. हे लपवण्यासाठी तिच्यात एक मोकळी ओसरी ठेवलेली असते. आलेला माल आधी तिथे पडतो आणि फुरसतीत आत लावला जातो. तुम्ही तासभर सलग ओतत राहिलात की ओसरी भरते, फुरसत मिळत नाही, आणि वेग काही दहा मेगाबाइटवर, कधी त्याहून खाली येतो.

ही डिस्क वाईट नाही. एकदा भरून कपाटात ठेवायच्या प्रतीला ती चालते, स्वस्तही पडते. आक्षेप आहे तो न सांगण्याला. २०२० च्या एप्रिलमध्ये उघड झालं की खास नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या वेस्टर्न डिजिटलच्या 'रेड' मालिकेतल्या २ ते ६ टेराबाइटच्या काही डिस्क एसएमआर होत्या, आणि माहितीपत्रकात तसं लिहिलेलं नव्हतं. ओरड झाल्यावर कंपनीने यादी प्रसिद्ध केली आणि सीएमआर डिस्कना 'रेड प्लस' असं वेगळं नाव दिलं. लोक चिडले ते नुसत्या वेगासाठी नव्हे. दोन-चार डिस्कच्या नॅसमध्ये एक डिस्क गेली की नवी घालून सगळा माल पुन्हा तिच्यावर रचायचा असतो. ते सलग लिहिणंच असतं, नेमकं जे एसएमआरला जमत नाही. आणि ते रेंगाळतं तेवढा वेळ घरातला सगळा माल उरलेल्या डिस्कच्या भरवशावर असतो. घेताना मॉडेल नंबर बघून सीएमआर आहे याची खात्री करा. इथे दोन पैसे जास्त द्यावेत असं आमचं स्पष्ट मत आहे. प्रोसेसरवर द्यायच्या आधी इथे द्या.

मग बिघाड कुठे आहे हे शोधायचं कसं? आम्ही आधी फक्त तार मोजतो. आयपर्फ थ्री नावाचा छोटा प्रोग्राम लॅपटॉपवर आणि नॅसवर चालवायचा. तो मेमरीतून मेमरीत डेटा पाठवतो, डिस्कला हातच लावत नाही. तिथे ९०० मेगाबिटच्या पुढे आकडा आला तर तार आणि राउटर निर्दोष. ९५ आला तर वर सांगितलेली केबल. मग मेमरीत मावणार नाही अशी एक मोठी फाईल, चार-पाच जीबीची, दोन्ही दिशांनी कॉपी करून बघायची. वाचताना छान आणि लिहिताना मंद, तर डिस्ककडे संशय. दोन्हीकडे मंद आणि एक गाभा भरलेला, तर प्रोसेसर. सगळं छान आणि फक्त फोल्डर मंद, तर छोट्या फाईली. आणि हे करण्याआधी डब्यातली फोटोंच्या छोट्या प्रतिमा बनवणारी, अनुक्रमणिका करणारी कामं थांबवा. हजारो फोटो टाकले की स्वस्त डबा पुढचे काही दिवस त्यातच गुंतलेला असतो, आणि तुम्ही मोजता तो वेग उष्टा असतो.

शेवटचे दोन प्रश्न घेऊ. 'माझ्या डब्याला दोन पोर्टं आहेत, दोन केबली लावल्या तर वेग दुप्पट होईल का?' एका लॅपटॉपला नाही. नेहमीच्या जोडणीत एका लॅपटॉपचा प्रवाह एकाच तारेवरून जातो. दोन जण एकाच वेळी काम करत असतील तर दोघांना वेगवेगळी तार मिळू शकते, इतकंच. घरात त्यासाठी खर्च करू नका.

दुसरा: 'लिहिण्याचा वेग वाढवण्यासाठी राइट कॅश चालू करा असं सांगतात, करू का?' वेग वाढतो हे खरं. कारण डिस्क 'लिहिलं' म्हणून आधी सांगते आणि प्रत्यक्ष लिहिते नंतर. मधल्या क्षणात वीज गेली तर लिहिलं म्हणून सांगितलेलं नाहीसं होतं, आणि नोंदवहीचं पान अर्धवट राहिलं तर एका फाईलवर भागत नाही. घरात इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. वीज जाऊन इन्व्हर्टरवर यायला जो पाव क्षण लागतो त्यात पुष्कळ छोटे डबे रीस्टार्ट होतात. नॅससाठी वेगळा छोटा यूपीएस घ्या, यूएसबी केबलने डब्याला जोडता येणारा. बॅटरी संपत आली की तो डब्याला कळवतो आणि डबा सगळं लिहून स्वतः नीट बंद होतो. तो बसवून, एकदा भिंतीवरचं बटण मुद्दाम बंद करून बघा. डबा व्यवस्थित बंद झाला, तर राइट कॅश चालू करा.